राळेचा धूर

माहा स्वभाव गरम, हे नालवाडीतल्या शेंबड्या पोरालेही ठाऊक आहे. पूजेच्या सामानाचं दुकान चालवतो, पण जीभ मिरचीची. माहा मोठा भाऊ भूपेंद्र म्हणे, "धर्मा, गिऱ्हाईक देवाकडं पाहून येते. तुह्या तोंडाकडं पाहून कोण येईन बे?"

धुळवडीनंतरच्या रविवारी आमच्या घरचे लोक गावामागच्या टेकडीवर जातात. वर कड्याच्या काठावर शेंदूर लावलेला एक गोटा आहे. आमचा देव तो. त्याले गोवरीच्या निखाऱ्यावर राळेचा धूप द्या लागते. शहाण्णव साली भाऊ, त्याची सहा वर्साची हर्षा अन् मी, असे तिघंच गेलतो. घरच्या बाया पापडाच्या राड्यात होत्या. पळस फुलला होता, सकाळचं ऊन अजून सोसवे असं होतं. हर्षा पायवाटेवरची फुलं वेचत दहादा थांबे अन् मी दहादा तिच्यावर ओरडलो.

वर पोचेपर्यंत बाटलीतलं पाणी संपलं. हर्षाले तहान लागली. भाऊ म्हणे, "मी घळीतल्या झिऱ्यावरून पाणी आणतो. तू सध्या राळ नको पेटवू धर्मा. खाली कपारीत आग्या मोहोळ आहे, सुपाएवढं. मी वर आल्यावर पाहू."

झालं, माही सटकली. "बापजाद्यापासून राळ जाळून राह्यलो, अन् यंदा माशाईच्या भेवानं थांबू? लय शहाणा झाला तू!"

भाऊ हसला अन् घळीत उतरला. मी थांबलो असतो तं काय बिघडलं असतं? पाच मिनिटांचा तं प्रश्न होता. पण नाई! निखारे फुलवले अन् मूठभर राळ टाकली, रागानं.

धुराचा लोट उठला. वारा फिरला अन् तो कपारीकडं वळला. आधी घरघर ऐकू आली, पिठाच्या चक्कीवानी. मंग कपारीतून काळा ढग सुटला. भाऊ झिऱ्यावर वाकला होता. मी बोंबललो, "भाऊ, माशा! पळ!"

तो आमच्याकडं चार पावलं पळत आला. मंग त्याले हर्षा दिसली अन् तो तिथंच थांबला. "पोरीले धर! धुरातून हलू नको!" एवढं ओरडला, अन् उलटा फिरून दगडाईतून खाली पळाला. सारं मोहोळ त्याच्यामागं गेलं.

मी हर्षाले कवेत घेऊन धुरात बसलो. उरलेली राळही टाकली. काय करू बाप्पा, तीच तं वाचवून राह्यली होती! भोवताल माशा फिरत होत्या, पण धुरात एकही शिरली नाई. पोरगी "बाबा, बाबा" करून तडफडे. माह्या मनगटाले कडकडून चावली. सोडली असती तं ती सरळ घळीत गेली असती. तिले घेऊन उतरलो असतो तं तीही हातची गेली असती. भाऊ पडला, ते मले वरून दिसलं. एकदा उठला, दुपट्ट्यानं तोंड झाकलं, पुन्हा पडला. मी देवाले शिव्या दिल्या, स्वतःले दिल्या. शिव्या देऊन काय होते? अर्धा तास मी माह्या सख्ख्या भावाले मरताना पाहून राह्यलो अन् जागचा हललो नाई.

बोंब ऐकून डोमाजी गुराखी खालच्या अंगानं आला. अंगभर घोंगडी पांघरलेली, हातात धुपणारा हिरवा पाला. त्यानं भावाले ओढत दूर सपाटीवर आणलं. माशा निवल्यावर आमाले हाक मारली. मी हर्षाचा हात धरून दुसऱ्या वाटेनं उतरलो. भावाचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोमाजीनं नाकापाशी बोट धरून पाहलं, अन् आपला शेला काढून त्याच्या तोंडावर टाकला.

"माघापासून आहे हे मोहोळ इथं," डोमाजी म्हणे. "कोणाच्या वाटेले जात नाई. कोण्या येड्यानं धूर केला?"

मी हर्षाचा हात आणखीनच घट्ट धरला.

"काकाजी, आता तं सोडा," हर्षा माहा हात हिसकून म्हणे. "आता माशा नाईत. मले बाबापाशी जाऊ द्या."

तिले काय सांगू? मी हात सोडला.