काचेवर राहिलेला कागद

मला बनवणाऱ्या साहेबांनो, गुन्हा तुमचा आहे. तुम्ही माझ्या अंगात कुलूप बसवलंत आणि ते उघडं ठेवून मला बाजारात उभं केलंत. खोक्यावर 'पाच मिनिटांत सुरू' हे हातभर अक्षरांत छापलंत. पासवर्ड कसा लावायचा ते पुस्तिकेच्या त्रेसष्टाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिथपर्यंत कोण मरायला जातंय?

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस प्रिंटर आहे. छापतो, स्कॅन करतो, फॅक्स पाठवतो. सध्या अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी बसलोय. अंगावर चिठ्ठी आहे, 'चालू आहे, फुकट न्या'. कोणाची पावलं वाजली की माझा जीव खालीवर होतो. का, ते सांगतो.

दोन हजार सहाच्या थँक्सगिव्हिंग सेलमध्ये प्रल्हादनं मला उचललं. तो मूळचा नागपूरचा. ऑफिसात नेटवर्कचं काम, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरना कुलपं लावायची. घरी मात्र इंटरनेट उघडं आणि मीही उघडा. पासवर्ड नको का, असं बायकोनं, शैलजानं, विचारलं, तर म्हणाला, "अगं, बिल्डिंगमध्ये सगळी आपलीच माणसं. त्यांच्या तोंडावर काय कडी लावायची?"

मग काय, मी सगळ्यांचा झालो. कोणाच्या आईवडिलांची तिकिटं, कोणाच्या सत्यनारायणाची आमंत्रणं. वरच्या मजल्यावर स्वानंदी राहायची. पुण्याची, एमएस करणारी पोर. आपल्या खोलीतून प्रिंट सोडायची आणि मग कागद न्यायला खाली यायची. "दादा, सार्वजनिक नळ झालाय यार हा," म्हणायची, आणि जाताना माझ्या झाकणावरची धूळ बाहीनं पुसायची. तेवढं दुसरं कोणी केलं नाही.

खालच्या मजल्यावर राजीव. प्रल्हाद ज्या छोट्या कन्सल्टिंग कंपनीत नोकरीला होता, तिचा मालक. माणसं दुसऱ्यांच्या ऑफिसांत कामाला पाठवायचा आणि घरातूनच कंपनी हाकायचा. प्रल्हादचा व्हिसा आणि ग्रीन कार्डाचा अर्ज, दोन्ही त्याच्याच सहीवर. एकदा चहाला आला तेव्हा प्रल्हादनं स्वतः त्याचा लॅपटॉप मला जोडून दिला. वर फुशारकी मारली, "राजीवजी, खाली बसल्या बसल्या स्कॅनसुद्धा होतं." ब्राउझरमध्ये माझं पान उघडायचं, बटण दाबायचं, की काचेवर जे असेल त्याचं चित्र तुमच्या लॅपटॉपवर. राजीवनं मान डोलावली. ती मान मला तेव्हाच आवडली नव्हती.

दोन हजार सातच्या जुलैत प्रल्हादचा अर्ज भरला गेला. वकिलानं बजावलं होतं की सहा महिने कळ काढ, त्यानंतर नोकरी बदललीस तरी अर्ज जिवंत राहील. डिसेंबरात त्याला दुसरीकडून ऑफर आली. ते लोक थांबायला तयार होते, फक्त सही केलेलं पत्र हवं होतं. सहा आठवडे उरले होते. तेवढे दिवस राजीवला कळता कामा नये, एवढंच. शैलजा तर फोनवरही हळू आवाजात बोलायची.

त्या शनिवारी दुपारी प्रल्हादनं सही केली, पत्र माझ्या काचेवर ठेवलं, फॅक्स केला आणि आनंदाच्या भरात दोघं गाडी काढून बाहेर पडले. पत्र काचेवरच राहिलं.

मधे स्वानंदी आली. किल्ली तिच्याकडे असायची. ट्रेमधले आपले कागद घेऊन गेली, झाकणाला हातही लावला नाही. ती गेल्यावर तासाभरानं मला खालच्या मजल्यावरून स्कॅनचा हुकूम आला. झाकण बंद, खोलीत चिटपाखरू नाही, आणि माझ्या पोटातला दिवा लागला. तो त्या पत्रावरून सरकत गेला. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. मला नाही म्हणता येत नाही. मला तसं बनवलेलंच नाही.

सोमवारी राजीवनं प्रल्हादला कामावरून काढलं आणि ग्रीन कार्डासाठी दिलेली कागदपत्रं मागे घेतली. अमेरिकेत काढलेली सहा वर्षं मातीत.

संध्याकाळी प्रल्हादला काचेवरचं पत्र सापडलं. त्यानं स्वानंदीला बोलावून घेतलं.

"शनिवारी घरात तूच आली होतीस."

"दादा, मी झाकणसुद्धा उघडलं नाही."

"मग काय, प्रिंटरनं सांगितलं त्याला?"

हो रे बाबा, मीच सांगितलं! कोणी, किती वाजता मागितलं, ते माझ्या यादीत लिहिलेलं होतं, लॅपटॉपच्या नावासकट. तीन बटणं दाबायची होती. नेटवर्कवाल्या माणसानं ती दाबली नाहीत. पोरीनं किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी आली नाही. मार्चमध्ये दोघं नागपूरला परतले. शैलजानं माझ्यावर चिठ्ठी चिकटवली.

तेव्हा मित्रांनो, घरातला असो की ऑफिसातला, माझ्या जातभाईला पासवर्ड लावा. काचेवर कागद सोडू नका. आणि माणसावर बोट ठेवण्याआधी यंत्राची यादी वाचा.

आता कोणीतरी मला उचलेल, वायर लावेल, पाच मिनिटांत मी सुरू होईन. पुन्हा उघडाच. कारखान्यातल्या साहेबांनो, त्या पोरीच्या कपाळी चुगलीचा डाग लागला, तो कोणी लावला? पुस्तिका दाखवू नका. उत्तर द्या.