दुपारचा रेडिओ

मानसिंगचा अँटेनाचा लोखंडी खांब आपल्या खांबापेक्षा चांगला दोन पुरुष उंच झालाय, हे बुद्धभूषणला बूथच्या दारातूनच दिसलं आणि त्याचं टाळकं सरकलं. वरकुट्यात पहिला एसटीडी बूथ त्याचा. त्याआधी तो याच मानसिंगच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. राखीव कोट्यातून बूथ मिळाला त्या दिवशी त्यानं ट्रॅक्टरची चावी मानसिंगच्या ओट्यावर ठेवली आणि पुन्हा त्या ओट्याची पायरी चढायची नाही असं ठरवून टाकलं. हा बूथ बुडाला की पुन्हा तोच ट्रॅक्टर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नुसत्या बूथवर पोट भरत नव्हतं म्हणून त्यानं बारामतीच्या एका व्यापाऱ्याकडून लांब पल्ल्याचा कॉर्डलेस फोन आणला. मुख्य डबा बूथच्या लाइनीला जोडला, अँटेना खांबावर चढवला आणि वस्त्यावस्त्यांवर हँडसेट वाटले. रानातल्या माणसानं बटण दाबायचं, बूथची लाइन पकडायची आणि मुंबईच्या लेकीशी बोलायचं. पहिला हँडसेट घेतला तो त्याचे चुलते ज्ञानदेवतात्या यांनी. तात्यांची वस्ती गावापासून दोन कोसांवर. आल्यागेल्याला ते हँडसेट दाखवायचे आणि म्हणायचे, "आपल्या भूषणचा हाय. कवाबी दाबा, लागतोच!"

मग मानसिंगलाही हौस आली. त्याच व्यापाऱ्यानं त्यालाही अगदी तोच सेट विकला. वर दोघांनाही शपथेवर सांगितलं होतं, असला सेट तालुक्यात दुसरा नाही. दोन्ही सेट एकाच चॅनेलवर. झाला गोंधळ सुरू! हँडसेट भूषणचा, पण लाइन पकडायची मानसिंगची, कारण खांब त्याचा उंच. कुणाच्या सोयरिकीच्या बोलण्यात डाळिंबाचे भाव घुसायचे. अर्धी गिऱ्हाइकं "तुझ्या डब्यात दम न्हाय" म्हणून हँडसेट परत करून गेली.

भूषण नाइलाजानं मानसिंगच्या दारात गेला, पण पायरी चढला नाही.

"चॅनेल बदला तुमी. मी आधी हाय हितं."

"हवा काय तुझ्या बापाची हाय?" मानसिंग झोपाळ्यावरून उठलासुद्धा नाही. "फोन रिझर्वमधी घेतलास, आता हवाबी रिझर्व पायजे व्हय?"

ओट्यावरची माणसं फिदीफिदी हसली.

"धंदा जमत न्हाय तर ये की परत. ट्रॅक्टरवरची तुझी जागा मोकळीच हाय."

भूषणच्या अंगाची लाही लाही झाली. तक्रार करावी तर कुठं? परवाना दोघांकडेही नव्हता. टेलिफोन खात्याचा माणूस आला असता तर आधी भूषणचाच डबा उचलून नेला असता. चोरानं चोराची फिर्याद कुणाकडं द्यायची?

पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. त्याची गिऱ्हाइकं गरीब. रात्री दर अर्धा होतो म्हणून दिवस मावळल्याशिवाय बटणाला हात लावायची नाहीत. मानसिंगची गिऱ्हाइकं बागाईतदार. त्यांना दिवसाढवळ्या मार्केटचा भाव लागायचा. भूषणनं परत आलेल्यातला एक हँडसेट घेतला, बटण दाबून चालू केला आणि ऐकायच्या टोकाला चिंधी कोंबून फळीवर ट्रान्झिस्टरच्या पुढ्यात आडवा ठेवला. झालं! आता दिवसभर कुणीही फोन उचलला की कानात नुसती सिनेमाची गाणी.

"आपल्यातल्या कुणाला दिवसा लागला तर?" त्याच्या बायकोनं, रश्मीनं विचारलं.

"आपल्यातलं कोण दिवसा बोलतंय? पोटाला चिमटा काढणारी माणसं ती."

"अन् नड आली म्हंजी?"

"तू गप बस. हाडवैर काय असतं ते त्याला कळू दे."

डाव बसला. मानसिंगची गिऱ्हाइकं वैतागली. तो स्वतः दोनदा बूथवर येऊन शिव्या घालून गेला, पण फळीवरच्या रेडिओकडं त्याचं लक्ष गेलं नाही. भूषणला रोज सणासारखा वाटू लागला.

एका दुपारी ट्रान्झिस्टरचे सेल उतरले. गाणं खोल खोल जात बंद पडलं. भूषणनं ते पाहिलं आणि संध्याकाळी सेल आणू म्हणून सोडून दिलं. फळीवरचा हँडसेट मात्र चालूच होता. बूथवर कुणी नव्हतं. रश्मी भाकरी घेऊन आली आणि भूषणला चेव चढला. तो मानसिंगची नक्कल करायला लागला. कमरेवर हात ठेवून, नाकात बोलत, "हॅलो मार्केट, हॅलो मार्केट" करत तो बूथभर फिरला. "असाच बोंबलत बस म्हणावं! माझ्या हवेत कुणाचा फोन लागतोय ते बघतोच!" आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. रश्मी हसली नाही.

उन्हं कलता कलता मानसिंगचा ट्रॅक्टर बूथसमोर येऊन थांबला. चालवत होता मानसिंग स्वतः. मडगार्डवर तात्या बसले होते. धोतर काजळलेलं, भुवया जळालेल्या. ते हळूहळू उतरले आणि हातातला हँडसेट त्यांनी भूषणसमोर ठेवला.

"लाइटीच्या वायरी घासल्या, ठिणगी पडली. ऊस पेटला," ते म्हणाले.

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लावलेला ऊस. पुढच्या आठवड्यात तोड यायची होती.

"तात्या, फोन तरी करायचा! या मानसिंगच्या डब्यामुळं लागला नसंल. ह्याच्या खांबानं वाटुळं केलं आपलं..."

"लागला की," तात्या शांतपणे म्हणाले. "आवाज लख्ख येत हुता. मी आग आग म्हणून वरडत हुतो अन् तू हसत हुतास."

रश्मीनं पदर तोंडाला लावला. भूषणची नजर फळीवर गेली. हँडसेटवरचा बारका लाल दिवा अजून लुकलुकत होता.

"माझ्याकडंबी ऐकू आलं सगळं," मानसिंग ट्रॅक्टरवरूनच बोलला. "तुझं हसणंबी अन् ह्यांचं वरडणंबी. ट्रॅक्टर घालून मधला पट्टा मोडला म्हणून अर्धा ऊस ऱ्हायला. तुझ्यासाठी न्हाय आलो, ध्यानात ठेव. आग माझ्या बांधाला लागली असती."

मानसिंग खाली उतरला. इंजिन त्यानं चालूच ठेवलं.

"म्हाताऱ्याला वस्तीवर सोडून ये. गेर ठावा हाय तुला. अन् उद्या सकाळी ओट्यावर ये." एवढं बोलून तो पायीच निघून गेला.

भूषणनं फळीवरच्या हँडसेटचं बटण बंद केलं. बाहेर येऊन तो मुकाट ट्रॅक्टरच्या सीटवर चढला, क्लच दाबला आणि तात्यांना हात द्यायला वाकला.

मडगार्डजवळ कुणीच नव्हतं. तात्या केव्हाच वस्तीच्या वाटेला लागले होते.

"तात्या, बसा की! दोन कोस हाय!" त्यानं हाक मारली.

तात्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.