रिकामं म्यान

सुऱ्या बांधण्यात माझ्या बाबांचा हात धरणारं आमच्या चुस्त गावात कुणी नाही. टोकाला बुचाचा तुकडा, पात्यावर लोकरीचा नमदा, वरून सुतळी, आणि पेटीत एकीची मूठ दुसरीच्या टोकाशी. ताश्कंदला बिऱ्हाड हलवायचं ठरल्यापासून ते आम्हाला पेटीजवळ फिरकू देत नव्हते. आम्ही बांधलं तर घाटात कुणाचं तरी बोट जाईल म्हणायचे.

पुढच्या मोटारीत भाऊ, वहिनी नोदिरा आणि मागच्या सीटवर पाळण्यात बांधलेला तान्हा अझमत. मागे ट्रकमध्ये सामान आणि आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. कामचिक घाटाच्या चढणीला बाबांनी रुमालासाठी खिशात हात घातला, तर बाहेर आलं बोटभर म्यान. रिकामं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती सुरी त्यांनी नातवासाठी घडवली होती. तान्ह्याजवळ वाईटसाईट फिरकू नये म्हणून उशीखाली सुरी ठेवायचीच, आणि आईचा हट्ट उघड्या पात्याचा. म्यानातल्या सुरीला कोण भितं, असं पहिल्याच दिवशी नोदिराला सुनावून तिने म्यान बाबांच्या खिशात कोंबलं होतं. पेटी बांधताना त्या सुरीची आठवण कुणालाच झाली नाही.

घरी पाळणा हळू झुलतो. इथे गाडी खड्ड्याखड्ड्यांतून आदळत होती आणि पोराचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले होते. फोन लागेना. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण भाऊ जन्माचा हट्टी, मागून हॉर्न आला की आणखी पळवतो. आई अल्लाचं नाव घेत होती.

"आता कोण भितंय ते बघ," मी तिला म्हणाले. मला तिचा संताप आला होता आणि कीवही येत होती.

बोगद्याआधी गाड्यांची रांग लागली होती. एरवी गुडघेदुखीने लंगडणारे बाबा सगळ्यांत पुढे धावले. त्यांनी मोटारीचं दार उघडलं. अझमत आवाज करत नव्हता, आणि ती शांतता मला सोसेना. बाबांनी उशीखाली हात घातला आणि बाहेर काढला एक वाळलेला नान. त्यात सुरी मुठीपर्यंत खुपसलेली होती. पोरगं गाढ झोपलं होतं.

नान आम्ही पवित्र मानतो, त्याला सुरी लावत नाही, हातानेच मोडतो. आणि माझी आई तर नान पालथा दिसला तरी घर डोक्यावर घेणारी. नोदिरा खाली उतरून उभी राहिली.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. वाळून तडकायला लागला की दुसरा घेते. म्यान तुम्ही काढून घेतलंत, आई. मला दुसरं काही सुचलं नाही."

आईने सुरी ओढून काढली. नान डोळ्यांना लावला, मोडला आणि चिरेजवळचा तुकडा तोंडात टाकला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, ती सावकाश चावत राहिली. मग बाबांच्या हातून म्यान घेऊन तिने सुरी त्यात बसवली आणि स्वतःच्या हाताने उशीखाली सरकवली.