कळशीतला सूर्य

“लागली! लागली!”

नवघरच्या आनंदवेल सोसायटीचा हॉल एका आवाजात ओरडला. ट्यूबलाइट खरोखरच लागली होती, आणि ती भिंतीवर नव्हती, काशीनाथ सबनीसांच्या हातात होती. ना वायर, ना स्विच. समोर टेबलावर तांब्याची मोठी कळशी, तिच्या तोंडावर बसवलेला काचेचा गोळा आणि गोळ्यात वळवळणाऱ्या जांभळ्या-गुलाबी उजेडाच्या दोऱ्या. काशीनाथरावांनी नळी जवळ नेली की ती उजळायची, लांब नेली की विझायची. मागच्या रांगेतल्या विमलाबाईंनी बसल्या जागी हात जोडले.

“हात जोडू नका, आजी!” टेबलामागचा माणूस माइकवर गरजला. “ये चमत्कार नहीं है, हे सायन्स आहे! मंत्र नाही, तंत्र नाही, फक्त यंत्र!”

टाळ्या पडल्या. त्याचं नाव सूर्यमित्र नीरज. कफनी नाही, दाढी नाही, माळ नाही. पांढराशुभ्र कोट आणि खिशाला ओळीनं पेनं.

“सूर्य कसा जळतो? हायड्रोजनला हायड्रोजन चिकटतो म्हणून. यालाच फ्यूजन म्हणतात! सारी दुनिया त्यासाठी मोठमोठ्या मशिनी बांधतेय. आपण काय केलं? सूर्यच कळशीत आणला! आणि फ्यूल कुठलं? आपल्या उत्तनच्या समुद्राचं. त्या पाण्यात जड हायड्रोजन असतो. गूगल करो!”

लोकांनी गूगल केलं. खरंच असतो. मग काय, निम्मा हॉल तिथंच त्याचा झाला. उरलेला निम्मा पुढच्या वाक्याला झाला. रात्रभर कळशीशेजारी ठेवलेलं पाणी म्हणजे म्हणे सूर्यजल. ते प्यायलं की पेशीपेशीत सूर्य उगवतो आणि शुगर, संधिवात, फिट, सगळं पळतं. गोळ्यांची गरजच राहत नाही. बाटल्या दाराशी ठेवल्याच होत्या.

आता काशीनाथराव त्या टेबलाशी नळी धरून काय करत होते, हे सांगायला हवं. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ दादरहून नवघरला आला, तो बुवाबाजीशी लढायची हौस सामानासोबत घेऊनच. लिंबातून रक्त कसं काढतात, जळता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे ते दर गणपतीत सोसायटीच्या पोरांना करून दाखवत. त्यांची एक खास पिशवी होती. तिच्यात लोहचुंबक, भिंग आणि इलेक्ट्रिशियनचा टेस्टर. कुणी चमत्कार म्हटलं की पिशवी खांद्याला लावून काशीनाथराव हजर. बाबालोक ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि नेमकी ही खात्री नीरजनं आल्याआल्याच ओळखली होती.

“सबनीस सर, तुम्हीच तपासा,” तो म्हणाला होता. “तुमच्यासारखा वैज्ञानिक दृष्टीचा माणूस पाहिजे.”

झालं. काशीनाथराव विरघळले. टेबलक्लॉथ उचलून त्यांनी खाली बघितलं. वायर नव्हती. चुंबक फिरवलं, काही ओढलं गेलं नाही. मग टेस्टर गोळ्याजवळ नेला, तर टेस्टरातला इवलासा दिवा आपोआप लागला! “ऊर्जा!” काशीनाथरावांच्या अंगावर काटा आला. कळशीत डोकावायला गेले, तेव्हा नीरजनं हात आडवा घातला. “सर, आत दहा कोटी डिग्री आहे. उघडलं तर नवघर साफ!” काशीनाथराव शहाण्यासारखे मागे सरले, आणि त्याच दहा कोटी डिग्रीच्या गोळ्याला त्यांनी हौसेनं बोट लावून पाहिलं. उजेडाची दोरी बोटाशी आली. बोट होतं तसंच राहिलं. यात काही गडबड आहे, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग मोबाइलसमोर उभं राहून ते म्हणाले, “मी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध लढलो. हे मी स्वतः तपासलंय. हे शंभर टक्के विज्ञान आहे!” तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पेणकरपाडा, नया नगर करत थेट उत्तनला पोचला. काशीनाथराव दर पाच मिनिटांनी किती जणांनी बघितला ते पाहत होते.

“कळशीत बघितलंत का?” त्यांच्या बायकोनं, उर्मिलाबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

“तुला विज्ञान कळत नाही,” काशीनाथराव म्हणाले.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी दारात ऑड्रे आली. ऑड्रे उत्तनची. नवऱ्यामागं टोपली डोक्यावर घेऊन तिनं मुलगा वाढवला होता, आणि आनंदवेलमध्ये तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची मासळी चालत नसे. आज तिनं पापलेटांची जोडी काशीनाथरावांच्या हातात ठेवली आणि पैसे घेईना.

“तुमच्यामुलं जालं, काका. आमच्या ट्रेव्हरनी गोल्या सोडल्या. मंगलवारी बोटीवर जातो.”

ट्रेव्हरला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या, पण डॉक्टरांनी त्याला बोटीवर जायला मनाई केली होती. पंचविशीचा कोळ्याचा पोर धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणत होता.

“गोळ्या सोडल्या?” काशीनाथराव दचकले. “कुणी सांगितलं?”

“त्या कोटवाल्यानी. मना पयला पटला न्हाय. मंग तुमचा व्हिडिओ बगितला. म्हटला, काका बोल्ले म्हंजे खोटा न्हाय.”

ती गेली तरी काशीनाथराव पापलेटं हातात धरून दारातच उभे. भर समुद्रात, बोटीच्या काठावर उभ्या पोराला फिट आली तर काय होईल, हे कळायला काही विज्ञान लागत नव्हतं. ते मनापासून घाबरले. पण कळशी खोटी आहे, असं अजूनही त्यांच्या तोंडून निघेना. दिवा तर लागला होता ना!

त्याच दुपारी त्यांची भाची रुचिता आली. ती गुजरातेत एका प्रयोगशाळेत फ्यूजनच्या यंत्रांसाठी धातू तपासायचं काम करायची. मामानं व्हिडिओ दाखवला. ती आधी पोट धरून हसली. ट्रेव्हरचं ऐकल्यावर तिचं हसू गेलं.

“मामा, टेस्टरचा दिवा कधी लागतो?”

“वीज असली की.”

“मग तुमचा का लागला?”

काशीनाथरावांनी पिशवीतून टेस्टर काढून डोळ्यांसमोर धरला. आयुष्यात टेस्टरनं त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, ती त्यानं चोख सांगितली होती. वायर दिसली नाही म्हणून यांनी विजेलाच सूर्य करून टाकलं होतं. स्वयंपाकघरातून उर्मिलाबाईंचा खोकला ऐकू आला. त्यांना सर्दी नव्हती.

रविवारी पुन्हा हॉल भरला. पहिल्या रांगेत ऑड्रे आणि ट्रेव्हर होते, काशीनाथरावांनी फोन करून मुद्दाम बोलावलेले. नीरजचं ‘मंत्र नाही, तंत्र नाही’ झालं आणि रुचिता उठली.

“एकच शंका आहे. आत दहा कोटी डिग्री आहे ना? मग या सूर्याभोवतीची भिंत कशाची?”

“स्पेशल काच,” नीरज म्हणाला. “इम्पोर्टेड.”

“मला पत्ता द्या हो तिचा! आमचं सगळं आयुष्य त्या भिंतीपायी चाललंय. आम्ही टंगस्टन वापरतो. सगळ्यात उशिरा वितळणारा धातू. तोही तडकतो. त्या उष्ण वायूला, म्हणजे प्लाझ्माला, लोहचुंबकांनी भिंतीपासून लांब धरून ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये हल्लीच तो वीस-बावीस मिनिटं धरला, तर जगभरच्या शास्त्रज्ञांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. आणि तोही पाच कोटी डिग्रीचा, तुमच्या कळशीच्या निम्मा.”

“वो लोग पुरानी टेक्नॉलॉजी...”

“अजून आहे. फ्यूजनमधून न्यूट्रॉन नावाचे कण सुसाट बाहेर पडतात. ते धातूत घुसतात, त्यांच्यामुळे आत हेलियमचे बुडबुडे तयार होतात, धातू फुगतो आणि ठिसूळ होतो. हॉल उजळेल एवढं फ्यूजन इथं उघड्यावर चालू असतं, तर ते कण काचेतून, तुमच्या कोटातून आणि आपल्या सगळ्यांतून गेले असते. चालू नाही याचा पुरावा म्हणजे तुमची तब्येत. किती छान दिसताय!”

हॉलमध्ये खसखस पिकली. रुचितानं पिशवीतून एक छोटा काचेचा गोळा काढला. मीरा रोडच्या भेटवस्तूंच्या दुकानात पोरांच्या वाढदिवसाला मिळतो तसला. तो तिनं पॉवर बँकेला जोडला. आत त्याच जांभळ्या दोऱ्या. मग तिनं ट्यूबलाइट ट्रेव्हरच्या हातात दिली.

“जवळ ने.”

नळी लागली.

“आता बटण बंद कर. तूच कर.”

ट्रेव्हरनं बटण दाबलं. गोळा विझला आणि नळीही विझली. त्यानं पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग बराच वेळ तो तेच करत बसला.

“गोळ्यात विरळ वायू भरलाय,” रुचिता सांगू लागली. “खालच्या पेटीतून खूप दाबाची, फार वेगानं उलटसुलट होणारी वीज आत सोडली की वायू चमकतो. हाही प्लाझ्माच, तेवढं खरं. पण फ्यूजन नाही. तसा प्लाझ्मा घरच्या ट्यूबलाइटमध्येही असतो. त्या विजेचा परिणाम काचेबाहेरही थोडा पोचतो, म्हणून जवळची नळी वायरीशिवाय लागते. आणि टेस्टरसुद्धा.”

शेवटचे दोन शब्द तिनं हळू म्हटले, पण उर्मिलाबाईंनी मागे वळून मैत्रिणींना ते नीट ऐकवले.

काशीनाथराव उठले. नीरज “सर, नवघर साफ...” म्हणेपर्यंत त्यांनी गोळा उचलला आणि कळशी पालथी केली. आतून स्कूटरची बॅटरी आणि काळी पेटी टेबलावर आपटली. “खोटं आहे हे सगळं!” ते म्हणाले. नवघर जागच्या जागी राहिलं.

“बॅटरी तो सिर्फ स्टार्टर है!” नीरज म्हणाला. मग गाडी नीट लावून येतो असं सांगून गेला, तो आलाच नाही. तक्रार द्यायला सोसायटीचे दोघं पोलिसांत गेले. उरलेला हॉल मात्र काशीनाथरावांकडे बघत होता.

“अहो पण तुम्हीच सांगितलं होतंत ना?” विमलाबाई म्हणाल्या. “मी तर तुमच्यामुळे बाटली घेतली.”

ट्रेव्हर उभा राहिला. त्याच्या हातात अजून नळी होती.

“काका, तवा पन तुमीच बोल्लाव, खरा हाय. आता पन तुमीच बोलताव, खोटा हाय. मी कंचा धरू?”

काशीनाथरावांचे कान लाल झाले. घरून निघताना त्यांनी एक छान भाषण जुळवलं होतं, त्यात विवेक होता, समाज होता. त्यातलं एक अक्षर आठवेना.

“कुठलाच धरू नको,” ते म्हणाले. “मी फसलो. मला कुणी वैज्ञानिक म्हटलं आणि मी फुगलो. बाबानं कफनी घातली असती तर मी त्याला दारातून हाकलला असता. कोट घातला म्हणून खुर्ची दिली. मी बोललो म्हणून मानू नका, रुचिता बोलली म्हणूनही मानू नका. नळी घ्या, बटण बंद करून बघा. झाकलेलं असेल ते उघडायला सांगा. उघडू देत नसेल तर तिथून उठा. आणि दुखणं असेल तर ज्यानं तपासलंय त्या डॉक्टरला विचारा. व्हिडिओला नको, माझ्या तर मुळीच नको.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रेव्हरनं नळी टेबलावर ठेवली.

“आनि पानी?”

“पाणी आहे,” रुचिता म्हणाली. “तहान लागली की प्यायचं.”

सोमवारी सकाळी ऑड्रे, ट्रेव्हर आणि काशीनाथराव भाईंदर पश्चिमेला डॉक्टरांकडे बसले होते. सोबत येऊ का, असं काशीनाथरावांनी विचारलं नव्हतं. रिक्षात सरळ चढून बसले होते. डॉक्टरांनी ट्रेव्हरला तपासलं, गोळ्या कशा पुन्हा सुरू करायच्या ते समजावलं आणि बोटीचं नाव काढू नको म्हणून बजावलं. पोराचा चेहरा पडला. ऑड्रेनं त्याचा हात घट्ट धरला, आणि काशीनाथरावांना दुसरीकडे बघावं लागलं.

“नशीब समजा, मधे काही झालं नाही,” डॉक्टर तापलेच होते. “अशा गोळ्या मनानं बंद करतात? कोण बाबा भेटला होता?”

ट्रेव्हर पंख्याकडे बघत राहिला. ऑड्रे टोपलीची चुंबळ चाचपत राहिली. दोघांनीही नाव घेतलं नाही.

काशीनाथरावांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

“मी,” ते म्हणाले. “तो बाबा मीच, डॉक्टर.”