पाकिटातलं नाव

आजच्या सामन्यांच्या फळ्यावर बारा ओळी होत्या. काकांनी त्या वरून खाली मोजल्या, मग खालून वर मोजल्या. सातव्या ओळीत मनीचं नाव असायला हवं होतं आणि तिथे काहीतरी पांढरं दिसत होतं. ते पांढरं फळ्यावर आहे की आपल्या डोळ्यांत आहे, हेच काकांना कळेना. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते पुढे सरकले, इतके की नाक फळ्याला टेकलं, आणि बोट लावून बघितलं. चिकटपट्टी होती. म्हणजे डोळे ठीक होते, भानगड दुसरीच होती.

पण मग पोरीच्या नावावर चिकटपट्टी कशाला?

काका म्हणजे मनीचे वडील आणि मनीचे कॅडी. कॅडी म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याची बॅग उचलणारा, असं लोक समजतात. लोकांना काय, दुरून डोंगर साजरे. बॅग गाढवही उचलेल हो! झेंडा किती यार्डांवर आहे, वारा कुठून आहे, हिरवळ कुठे उतरते, चौदा क्लबांपैकी, म्हणजे काठ्यांपैकी, कुठला हातात द्यायचा, हे जो सांगतो तो कॅडी. तीस वर्षं काकांनी हेच केलं. नुसती नजर टाकून आकडा सांगायचे, आणि टेप लावून मोजलं तर एखाद्या यार्डाचा फरक निघायचा. म्हणून जुने लोक त्यांना फूटपट्टी म्हणायचे. परक्यांच्या बॅगा उचलता उचलता त्यांनी लेकीला मैदानाच्या कडेला तुटक्या क्लबनं मारायला शिकवलं, आणि आज तीच लेक दोन खंडांमधल्या बायकांच्या सांघिक स्पर्धेत खेळत होती. पहिले दोन दिवस जोडीनं खेळायचं, तिसऱ्या दिवशी बारा जणी बारा जणींविरुद्ध, एकास एक. हा तिसरा दिवस काकांनी आयुष्यभर टीव्हीवर बघितला होता. त्या दिवशी लेकीबरोबर चालायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यानंतर देवानं उचललं तरी चालेल, असं ते बायकोला म्हणाले होते, आणि बायकोनं चांगलंच झापलं होतं.

एकच गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. दीड वर्षापासून फूटपट्टी पुसट झाली होती. समोर बघावं तर नेमकं जे बघायचं तेच धुरकट, कडेचं सगळं नीट. डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की बॅग कोण देणार हातात? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन ते पावलांनी अंतरं मोजत आणि वहीत बोटाएवढे मोठे आकडे लिहीत. झेंड्यांच्या जागांचा कागद 'चष्मा खोलीत राहिला' म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेत. चेंडू कुठे पडला ते मनीच्या मानेवरून ओळखत. मान सरळ राहिली तर बरा गेला, खाली गेली तर वाळूत. आणि कोणाला काही कळलं नव्हतं! काल, परवा मिळून मनी तीन सामने खेळली आणि तिन्ही जिंकली. मग?

"अरे रेडिओ, हे काय आहे?" त्यांनी मागून येणाऱ्या कॅडीला विचारलं. हा मनीच्या मैत्रिणीची बॅग उचलायचा, आणि झोपेतसुद्धा बोलायचा म्हणून रेडिओ.

"काका, तुम्हाला नाही सांगितलं? समोरच्या संघातल्या एका पोरीचा गुडघा सुजला. सकाळी पाकीट उघडलं."

पाकीट म्हणजे काय, ते काकांना ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी एका बाजूची कोणी जायबंदी झाली, तर दुसऱ्या बाजूचीही एक बसवावी लागते. ती कोण, यावर ऐनवेळी तमाशा नको म्हणून दोन्ही कर्णधार आदल्या संध्याकाळी एकेक नाव लिहून पाकीट बंद करतात. बहुतेक वेळा ते पाकीट न उघडताच फाडून टाकतात. उघडलंच, तर त्यातली खेळाडू बसते आणि दोन्हीकडे अर्धा अर्धा गुण.

"पण त्यात मनीचं नाव?" काका म्हणाले. "अरे, पाकिटात कोणाचं घालतात? जी सगळ्यांत कच्ची, तिचं!"

रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला. मग म्हणाला, "चहा घेतला का काका?" आणि निघूनही गेला.

काका मालिशच्या खोलीत गेले. तिथल्या फिजिओबाई पट्ट्या गुंडाळत होत्या.

"मनीला कुठे दुखतंय का हो?"

"छे! बाराही जणींत तिचीच तब्येत ठणठणीत." बाईंनी मान वर केली, काकांकडे बघितलं, आणि घाईघाईनं म्हणाल्या, "म्हणजे... खांदा जरा. थोडासा."

"कुठला खांदा?"

"डावा," बाई म्हणाल्या.

मनी खोलीच्या मागच्या पायरीवर बसली होती, बूट न घालता. काकांनी विचारलं, "खांदा दुखतोय म्हणे?"

"हो ना बाबा." तिनं उजवा खांदा चोळला.

आता माणसानं करायचं काय! एक म्हणते ठणठणीत, दुसरी म्हणते खांदा, आणि खांद्यांचाही मेळ नाही. काकांचं डोकं भणभणलं. रागानं ते तडक कर्णधारबाईंकडे गेले. या बाई स्वतः वीस वर्षं खेळलेल्या, केस पांढरे, बोलणं तोलूनमापून. हातात वॉकीटॉकी, सामने सुरू व्हायला वीस मिनिटं.

"बाई, तीनपैकी तीन जिंकलेली पोर पाकिटात? माझं काही चुकलं असेल तर मला बोला, तिच्यावर का काढता?"

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते काकांना दिसलं नाही. त्यांनी वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला, तेवढं मात्र ऐकू आलं.

"काका, काल रात्री मी तिला दोन पर्याय दिले होते. तिनं पाकीट निवडलं."

"आणि दुसरा?"

"तो तिलाच विचारा." बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि गेल्या.

तिनं निवडलं! जी पोर लहानपणी ताप अंगात असताना खिडकीतून उडी मारून खेळायला पळायची, तिनं स्वतः बसायचं निवडलं? काका परत पायरीशी आले. मनी आता बूट घालत होती.

"दुसरा पर्याय काय होता, मने?"

"बाबा, सामने सुरू होतील. चला, टाळ्या वाजवायला तरी जाऊ."

"मी काय विचारतोय?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "नक्की. आता नको ना."

दिवसभर दोघं दोरीच्या बाहेरून हिंडले. मनी बॅग खोलीत ठेवू म्हणाली, पण काकांनी ती खांद्यावरून काढली नाही. सवयीचा गुलाम माणूस. लोक वळून बघत, की हा बुवा रिकाम्या पोरीमागे ओझं घेऊन कुठे निघाला! प्रत्येक होलपाशी काका मनातल्या मनात आकडा लावत आणि मनात मनीच्या हातात क्लब देत. आणि चौदाव्या होलपाशी त्यांना काल आठवला.

काल इथेच त्यांनी सांगितलं होतं, "झेंडा पुढे आहे, आठ नंबर घे." आणि मनी म्हणाली होती, "बाबा, हात गार पडलेत, आठनं नाही पोचणार. सहा द्या, तो लांब जातो." सहा नंबरनं मारलेला चेंडू झेंड्याशी जाऊन बसला. काका खूश झाले होते. आज मात्र रुमालानं मानेचा घाम पुसताना त्यांना वाटलं, अरे, कालही असंच उकडत होतं. हात गार कशानं पडले? आणि परवा, नवव्या होलला? "वारा समोरून आहे बाबा, एक नंबर खालचा द्या." पान हलत नव्हतं तेव्हा.

त्यांनी मनीकडे बघितलं. ती झेंड्याकडे बघत होती. विचारावं असं ओठांवर आलं, पण उत्तराची भीती वाटली. कदाचित पोरीला तब्येतीचं खरंच काही असेल, हात गार पडायचा एखादा आजार असेल, म्हणूनच बसवली असेल. हो, तसंच असेल. बापाचं मन बघा! लेकीला आजार असलेला पत्करला, पण ती दुसरी शंका नको.

संध्याकाळपर्यंत सामन्यांची अशी काही गंमत झाली की दोन्हीकडे साडेतेरा, साडेतेरा गुण. मैदानावर एकच सामना उरला, तोही शेवटच्या होलला बरोबरीत. खेळणारी आपली पोर म्हणजे मनीची मैत्रीण, तिच्यामागे रेडिओ. सगळा संघ हिरवळीच्या कडेला येऊन बसला. हजारो लोक, पण श्वासाचाही आवाज नाही. काका मनीच्या शेजारी उभे राहिले, बॅग पायाशी धरून.

आपल्यांचे शर्ट गडद निळे, त्यांचे गडद हिरवे. मावळत्या उन्हात काकांना दोन काळे ठिपके दिसत होते, आणि नेमकं बघायला गेलं की तेही पुसले जात होते. एक ठिपका खाली वाकला. कोणाचा? विचारायला रेडिओ जवळ नव्हता. मनीला विचारायचं म्हणजे... नाही, तिला नाही. टक् असा बारीक आवाज झाला. चेंडू निघाला असणार. खूप वेळ काहीच झालं नाही, आणि मग असा गजर उठला की जमीन हलली.

पडला! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! शाब्बास गं पोरी!"

टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्या लक्षात आलं की गजर पलीकडून येतोय. अलीकडे, त्यांच्या आजूबाजूला, कोणी हूं की चूं करत नाहीये. कडेच्या नजरेत त्यांना आपल्या निळ्या शर्टांची रांग दिसली. कोणीतरी गुडघ्यांत डोकं घातलं होतं. कोणीतरी वळून त्यांच्याकडे बघत होतं. काकांचे हात हवेतच थबकले.

तेवढ्यात शेजारून टाळीचा आवाज आला. मनी टाळ्या वाजवत होती. सावकाश, खणखणीत, सगळ्यांना ऐकू जातील अशा.

"थांबू नका बाबा," ती ओठ न हलवता म्हणाली. "वाजवा."

काकांनी वाजवल्या. मग कर्णधारबाई उठल्या आणि त्यांनीही वाजवल्या. मग एकेक करून सगळा संघ उभा राहिला, आणि समोरच्या संघाच्या त्या पोरीसाठी टाळ्या वाजवू लागला. मागे कोणी प्रेक्षक म्हणाला, "वा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा. त्या म्हाताऱ्यानं सुरुवात केली बघ."

गर्दी हलली तरी दोघं तिथेच उभे होते.

"हरलो का गं?" काकांनी विचारलं.

"हो. एका गुणानं."

"मला दिसलं नाही, मने."

"माहितीये बाबा."

"काल तुझे हात गार नव्हते."

"नव्हते."

काका खाली बघत राहिले. गवत मात्र दिसत होतं, कडेकडेचं. "दुसरा पर्याय मी होतो ना? मला काढायचं."

मनीनं आता लपवलं नाही. "बाईंनी काल ओळखलं. म्हणाल्या, जोडीच्या खेळात तू निभावलंस, उद्या एकटी आहेस. कॅडी बदल, नाहीतर पाकिटात तुझं नाव. मला वाटलं, पाकीट कुठे उघडतंय! गेल्या दहा-बारा खेपांत उघडलं नव्हतं. बाबा, मला तुमच्याबरोबर शेवटच्या दिवशी चालायचं होतं. एवढंच."

"अगं वेडे! तू खेळून जिंकली असतीस तर आज बरोबरी असती. अकरा पोरी रडतायत तिकडे."

"हो," मनी म्हणाली आणि तीही रडायला लागली. "चुकलंच माझं. पण पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच केलं असतं."

काकांना तिला रागवायचं होतं, पोटाशी धरायचं होतं आणि जमीन दुभंगून आत जायचं होतं, सगळं एकदमच. यातलं आधी काय करायचं ते कळेना. शेवटी त्यांनी खिशातून वही काढली, मोठमोठ्या आकड्यांची, आणि तिच्या हातात दिली. मग पायाशी उभी असलेली बॅग तिच्याकडे सरकवली. मनीनं बॅग घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा काका मैदानावरून मोकळ्या खांद्यानं चालायला लागले, आणि तोल जातोय असं वाटून त्यांनी लेकीचा दंड धरला.

खोल्यांपाशी आल्यावर ती थांबली. "बाबा, पुढे पायऱ्या आहेत."

"दिसतायत मला," काका सवयीनं म्हणाले. मग थांबले. "नाही दिसत. किती आहेत?"

"चार. शेवटची जरा उंच आहे."

काकांनी आकडा ऐकला आणि पाय उचलला.