आतला माणूस

लाखेचा थेंब पाकिटावर पडला, क्षणभर थरथरला आणि कडेने मळकट होत होत घट्ट झाला — आत आता ती किल्ली होती, सव्वीस वर्षं त्याच्या पट्ट्याला लटकलेली, चालताना मांडीवर हलकेच आपटणारी... मॅनेजरबाईंनी लाखेवर बँकेचा शिक्का दाबला. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. माझा काही संशय नाही तुमच्यावर. पण तक्रार लेखी आलीये. हेड ऑफिसची माणसं येईपर्यंत स्ट्राँगरूमची किल्ली तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"काय लिहिलंय?"

कागद त्यांनी पालथा घातला होता. "हेच, की हेड कॅशियर बऱ्याच वर्षांपासून आपलीच शाखा लुटायचा बेत करताहेत. भिंत कुठली, वेळ कुठली, अलार्मची वायर कुठून जाते... सगळं आहे."

सगळं. म्हणजे संडासामागची ती कच्ची भिंतसुद्धा. ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातला एक तो स्वतः.

जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलावरच ठेवून तो बाहेर पडला. पाय आपोआप मिस्त्रीच्या दुकानाकडे वळले — मिस्त्री, जो वर्षातून दोनदा तिजोरीच्या दाराला तेलपाणी करायला येई, आणि एकोणीस वर्षांपूर्वी बिजागरीत तेल सोडता सोडता म्हणाला होता, "साहेब, सिनेमात हे दार बारा मिनिटांत उघडतात. थापा आहेत. चाळीस लागतील." कुठल्या सिनेमात? — आणि निघालं असं, की दोघांनीही तोच पाहिलेला, आणि त्याच जातीचे इतरही, सत्तरच्या दशकातले, दरोड्यांचे. 'साहेब' त्याच आठवड्यात गळून पडलं.

मग दर रविवारी दुपारी मिस्त्रीच्या माळ्यावर, खिडकीला चादर लावून. काय होतं त्या चित्रपटांत? रंग उडालेली शहरं, ओल आलेल्या भिंती, गल्लीतून वाहणारं सांडपाणी. टक्कल पडत चाललेले, खोकणारे, चुरगळलेल्या कोटांतले चोर... कारखान्यात पाळीवर निघावं तसे दरोड्याला निघणारे. एक भोक पाडणारा, एक गाडी हाकणारा, एक आतला माणूस. बराच वेळ कुणी बोलायचं नाही. एकाने नुसता हात पुढे केला की दुसरा नेमकं हवं तेच हत्यार त्यावर ठेवी. शेवटी सगळे हरत, आणि तरी उठताना बरं वाटे — कुणीतरी एक दुपारभर आपलं काम जितकं चोख करता येतं तितकं केलं म्हणून. माझ्या कामाकडे कोण असं बघतं? सगळं नीट झालं की काहीच झालं नाही असं समजायचं, अशी माझी नोकरी.

बेत तिथूनच सुरू झाला. भोक मिस्त्री पाडणार, आतला माणूस हा. सगळं तोंडी, चहाच्या घोटाबरोबर. त्याची बायको म्हणे, "नातवंडं खेळवायचं वय झालं, आणि आजोबा चोर-चोर खेळताहेत!"

प्रत्येक चित्रपटात एक जण फुटायचाच. कोण, यावर दोघांची पैज लागे, आणि हा दर वेळी जिंके — जो अचानक मायाळू होतो तो, जो नजर चुकवतो तो... मिस्त्री दर वेळी चुके, आणि त्याचं तोंड खरोखर उतरे. "आपल्याच माणसाला रे..." असं म्हणत तो कितीतरी वेळ नुसताच बसून राही.

पण मिस्त्री मायाळू झाला नव्हता. नजरही चुकवली नव्हती. मग मला दिसलं कसं नाही?

दुकानात मिस्त्री एका कुलपाला कानस मारत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू लिहिलंस?"

"बस ना."

"लिहिलंस का?"

"हो." कानस थांबली. "सही मात्र केली नाही."

"अरे, खेळ होता तो! एकोणीस वर्षांचा..."

"मलाही तसंच वाटायचं." मिस्त्रीने आता सरळ त्याच्याकडे पाहिलं, डोळे तांबारले होते. "गेल्या महिन्यात तू म्हणालास, आता करूनच टाकू या. आणि हसला नाहीस."

"हसलो असेन."

"नाही. मी वाट पाहिली. चहा निवेपर्यंत वाट पाहिली तुझ्या हसण्याची. मला दोन मुली आहेत रे. आधी मलाच धरलं असतं."

"मला विचारायचंस."

"आणि तू हो म्हणाला असतास तर?"

काय बोलायचं ते त्याने वाटेत सगळं जुळवून आणलं होतं — विश्वासघातकी, बेइमान, तुझं तोंड पाहणार नाही — त्यातलं काहीच ओठांवर येईना. तो पायरी उतरला. मागे कानस पुन्हा सुरू झाली नाही.

...गेल्या महिन्यात. कुठला रविवार? निवृत्तीचं पत्र हातात पडलं, त्या आठवड्यातला. करूनच टाकू या. रस्त्याने चालता चालता त्याने ते हळूच म्हणून पाहिलं, थट्टेच्या सुरात. मग नुसतंच. तिसऱ्यांदा म्हणताना शेजारून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. कुठल्या सुरात म्हणालो होतो मी? मिस्त्रीने एकदाच ऐकलं आणि त्याला कळलं, आणि मी — जो तोंडावरून माणूस ओळखायचो... राग होता, अजूनही होता, पण मिस्त्रीवर धरायला गेलं की तो हातातून निसटत होता.

शाखेसमोर तो रस्त्याच्या अलीकडेच थांबला. रखवालदार खुर्चीत बसून पेपर वाचत होता, बाजूच्या दाराकडे पाठ करून. निदान चार मिनिटं त्याने मान वळवली नाही. चार मिनिटं — हे आपण मोजलं, हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. आणि छातीत जे काही हललं, ते भय नव्हतं.