भावानं फसवलं

शिवकन्याच्या घरात मूल आधी भाव विचारायला शिकायचं, मग चालायला. वडील गुरुपादअप्पांनी परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं आडत केली, दलालीवर माल विकला. पोरगी शिकली, घरी बसून संगणकाचं काम करायला लागली, तरी फिरून भावाच्याच धंद्यात पडली.

पालमच्या बायकांच्या गोधड्यांची चित्रं एनएफटी म्हणून, म्हणजे मालकीच्या डिजिटल दाखल्यासकट, ऑनलाइन बाजारात विकली जायची. ज्यानं घेतलं त्याचं नाव ब्लॉकचेनच्या वहीत चढतं, मग ते कुणाच्या बापाला खोडता येत नाही. पण ही वही आंधळी हो! बाहेर काय भाव चाललाय ते तिला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्या प्रोग्रामला ओरॅकल म्हणतात. शिवकन्यानं तो लिहिला आणि नाव ठेवलं साक्षी. साक्षीनं सांगितलेल्या प्रत्येक भावाखाली शिवकन्याची सही पडायची.

साक्षीच्या शब्दावर एक तारणपेटी चालायची. चित्र गहाण ठेवा, साक्षी सगळ्या चित्रांना मिळून जो एक भाव सांगेल त्याच्या निम्मे पैसे पेटीतून आपोआप घ्या. पेटीत पैसे होते पालमच्या बचत गटातल्या चाळीस बायकांचे. गटाच्या अध्यक्ष सगुणाबाई, बांगड्यांच्या दुकानवाल्या, तयारच होत नव्हत्या. तेव्हा शिवकन्यानं बेलाचं पान हातात धरून सांगितलं, "मावशी, साक्षी खोटा भाव सांगणार न्हाई. सांगितला तर मला विचारा."

आणि साक्षीत तिनं अप्पांचा एक नियम घातला. अप्पा म्हणायचे, "भवानीचा भाव धरू नये. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत लावत न्हाईत, म्हणून माणूस पडेल त्या भावाला माल देतो. तो भाव नसतो, मान असतो." म्हणून साक्षी दिवसाचा पहिला सौदा सोडायची आणि बाकीचे धरायची. हा नियम दोघांनाच ठाऊक होता, तिला आणि तिच्या थोरल्या भावाला, राजशेखरअण्णाला. अण्णानं पाठसुद्धा थोपटली. "अप्पांचं नाव काढलंस बघ," म्हणाला. मेल्याच्या जिभेवर साखर लय!

सोमवारी सकाळी सगुणाबाईंचा फोन आला. "पोरी, माजं चित्र आज दोनशेला गेलं, अन् तुजी साक्षी नऊ हजार म्हणायलीय. वर पेटी रिकामी दिसायलीय. हे काय गौडबंगाल हाय?"

शिवकन्यानं वही उघडली. रोजचा पहिला सौदा दोनशेचा, एकशेऐंशीचा, फार तर सव्वादोनशेचा. तेच खरे सौदे, परक्या गिऱ्हाइकांचे. दिवसाला एखादंच गिऱ्हाईक यायचं आणि साक्षी त्याला भवानी म्हणून सोडून द्यायची. मग दुपारी दुसरा सौदा, नऊ हजारांचा. त्यात दोनच खाती. आज ह्यानं त्याला विकायचं, उद्या त्यानं ह्याला. रविवारी त्यातल्याच एका खात्यानं साक्षी सुरू व्हायच्या आधी दोनदोनशेला उचललेली साठ चित्रं गहाण टाकून पेटी झाडून नेली होती.

ते खातं तिच्या ओळखीचं होतं. नागपंचमीला, भावाचा सण म्हणून, अण्णाला ओवाळून झाल्यावर तिनंच ते त्याला उघडून दिलं होतं.

रात्री अण्णा जेवायला बसलेला. आई भागम्मा भाकरी वाढत होती.

"अण्णा, पेटी तू रिकामी केलीस?"

त्यानं घास गिळला. "मी चोरी केली का? सौदे वहीत हायत. नियम तुजा, सही तुजी. मी फकस्त बाजार केला."

"पैसे परत टाक."

"प्लॉटचा इसार दिला मी. आता कुठून टाकू?"

शिवकन्यानं आईकडे बघितलं. भागम्मा खाली बघूनच म्हणाली, "घरचीच गोष्ट हाय बाई. चावडीवर कशाला न्यायलीस?" म्हणजे आईला आधीपासून ठाऊक होतं! अण्णाचं एक वेळ समजलं असतं, पण आईचं तिला सहन झालं नाही. ती ताडकन उठली आणि पहाटे पालमची पहिली एसटी धरली.

सगुणाबाई नुकतंच शटर अर्धं वर करून बांगड्यांवरची धूळ झटकत होत्या.

"मावशी, भावानं फसवलं," शिवकन्या म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

"कोणत्या? बाजारच्या का घरच्या?"

"दोन्ही." मग तिनं सगळं सांगितलं, भवानीचा नियमसुद्धा.

सगुणाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "तुला तुज्या भावानं फसवलं. बरं. आमाला कुणी फसवलं? आमी ना तो बाजार वळखत, ना तुजा भाऊ. आमी तुला वळखत होतो."

शिवकन्या दुकानाच्या पायरीवर बसली.

"ठाण्यात जावं लागंल. तितं भावाचं नाव घेशील?"

"घेईन."

"अन् ते पुसतील, त्या नऊ हजाराखाली सही कुणाची?"

"माजी," शिवकन्या म्हणाली.

सगुणाबाईंनी अर्धं वर गेलेलं शटर खाली ओढलं. "चल ठाण्यात," म्हणाल्या. त्या दिवशी दुकानाची भवानी झाली नाही.